ब्रीडरकडचं पिल्लू घाबरट आहे की नुसतं बुजलंय, घ्यायच्या आधी कसं ओळखायचं

पिल्लं बघायला गेलं की चार-पाच तर सरळ पायात येतात, बुटाची लेस ओढतात, आणि एखादं मागे कोपऱ्यात बसून राहते. मग घरातलं कोणीतरी हमखास म्हणते, बिचारं, हेच घेऊन जाऊ, आपल्याकडे प्रेम मिळालं की होईल ठीक. मला अशा वेळी खरंच काळजी वाटते, कारण ते कुत्रं पुढची दहा-बारा वर्षं तुमच्या घरात राहणार आहे, आणि घाबरलेलं मोठं कुत्रं पळायला जागा नसली की चावते.

तर पहिले हे समजून घ्या. पिल्लू घाबरलं यात वाईट काहीच नाही, नवीन माणूस, नवीन वास, कोणतंही पिल्लू दचकणारच. बघायचं ते हे, की दचकल्यावर सावरायला त्याला किती वेळ लागते. खालचं सगळं त्याच्यासाठीच आहे.

जायच्या आधी फोनवर दोन गोष्टी विचारा, पिल्लाची आई तिथेच आहे का आणि पिल्लू किती दिवसांचं आहे. "आई गावाला फार्मवर आहे", "तुम्ही कशाला येता, मी चौकात गाडीत घेऊन येतो" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. वयाचं म्हणाल तर 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तरी महिना-सव्वा महिन्याची पिल्लं दीड-दोन महिन्यांची सांगून विकली जातातच. तोंड उघडून बघा, 8 आठवड्यांच्या पिल्लाचे दुधाचे 28 दात जवळपास सगळे आलेले असतात, मागच्या दाढा हिरड्यातच असतील तर वय कमी आहे. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तुटलेलं पिल्लू पुढे जास्त घाबरट निघू शकते, म्हणून मी यावर इतका जोर देऊन राहिलो.

वेळ सकाळची घ्या. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात दुपारी दोनला गेलात तर सगळीच पिल्लं फरशीवर पोट टेकून धापा टाकत पडलेली असतात आणि ब्रीडर सांगतो बघा किती शांत आहेत. ती शांत नाहीत भाऊ, गरमीनं बेजार आहेत. पोटभर खाऊन झोपायच्या वेळेलाही काहीच कळत नाही.

गेल्यावर लगेच उचलाउचली करू नका. जमिनीवर बसा, थोडं आडवं तोंड करून, हाक न मारता, दहा मिनिटं. या दहा मिनिटांत खूप कळते. आधी आईकडे बघा, पिल्लांपेक्षा आईवर जास्त वेळ द्या असंच मी म्हणेन. पिल्लांजवळ अनोळखी माणूस आला म्हणून ती भुंकली, मध्ये उभी राहिली, तर ते साहजिक आहे, मालकानं दोन शब्द बोलल्यावर ती सैल पडते का ते बघा. पण आई जर पलंगाखालून निघतच नसेल, थरथरत असेल, मालकाचा हात वर गेला की अंग चोरत असेल, तर त्या वेतातलं कोणतंच पिल्लू घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. भित्रेपणा काही अंशी रक्तातून येते, आणि वरून पिल्लं आईला बघूनच शिकतात कशाला घाबरायचं ते.

मग ज्या पिल्लावर मन आहे ते एकटं दुसऱ्या खोलीत न्यायला सांगा. भावंडांत शेर असलेलं पिल्लू एकटं पडलं की वेगळंच दिसते, आणि कोपऱ्यातलं पिल्लू कधीकधी एकटं असताना मस्त खुलते, कारण त्याला माणसाची भीती नव्हतीच, दांडगी भावंडं त्याला दाबून राहिली होती.

आता आवाज. खिशातली किल्ल्यांची जुडी सहा-सात फुटांवर फरशीवर टाका, कानाजवळ नाही आणि त्याच्याकडे फेकून तर अजिबात नाही. एका लॅबच्या, म्हणजे लॅब्राडोरच्या, वेतात मी एक पिल्लू बघितलं होतं, जुडी पडली तसं ते मागे सरकून कूलरच्या स्टँडला जाऊन टेकलं, शेपूट पोटाखाली, एक पंजा वर धरलेला. मग मान लांब केली, नाक हललं, एक पाऊल, परत मागे, परत दोन पाऊल, आणि जरा वेळानं जुडी हुंगून किल्ली चावायला लागलं. हे पिल्लू बुजरं आहे पण पक्कं आहे, असं बिनधास्त घ्या. उलट जे पिल्लू पाच मिनिटांनंतरही फटीतून निघत नाही, समोर पनीरचा तुकडा ठेवला तरी त्याकडे बघत नाही, ते आतून फार घाबरलेलं आहे. खाणं नाकारणं ही मोठी खूण आहे. आणि जे आवाजावर कानही हलवत नाही त्याला धीट समजू नका, पाठीमागून टाळी वाजवून बघा, ऐकू येत नसेल. डाल्मेशियन जातीत बहिरेपणा बराच असतो.

हातात घेतल्यावर लोकांची सगळ्यात जास्त गफलत होते. पिल्लू हातात अगदी दगडासारखं पडून राहिलं की लोक म्हणतात किती गरीब आहे. नीट बघा, अंग ताठ आहे का, डोळ्याचा पांढरा भाग दिसून राहिला का, कान मागे चिकटलेले, खायला काही नसताना सारखी जीभ ओठांवरून फिरते, झोप नसताना जांभया येतात, हे सगळं भीतीचं आहे. चांगलं पिल्लू थोडी चुळबूळ करते आणि मग अंग सोडते. जुन्या पद्धतीत पिल्लाला पाठीवर दाबून धरायची टेस्ट सांगतात, ती करू नका, घाबरट पिल्लू त्यानं अजून बिथरते.

ब्रीडरला विचारा पिल्लांनी काय काय ऐकलं-बघितलं आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेते, त्यातला अर्धा काळ ते ब्रीडरकडेच असते. घरात वाढलेल्या पिल्लाला कुकरची शिट्टी, मिक्सर, कूलरची घरघर माहीत असते. गच्चीवरच्या पिंजऱ्यात वाढलेल्याला काहीच माहीत नसते, आणि मग आपल्याकडे मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल, गणपती, दिवाळीचे फटाके, सगळं लागोपाठ येते. केसीआयचं, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं, सर्टिफिकेट दाखवतील, ठेवा, पण त्यात वंशावळ असते, स्वभाव नाही.

जात पण लक्षात घ्या. कारवान हाउंड मुळातच अनोळखी माणसापासून लांब राहते, त्याला लॅबच्या मापानं मोजाल तर चांगलं पिल्लू हातचं जाईल. लांब उभं राहून मान वर करून बघणं वेगळं आणि कोपऱ्यात थरथरणं वेगळं.

एका भेटीत ठरवू नका. आठ-दहा आठवड्यांच्या वयात बऱ्याच पिल्लांना भीतीचा एक काळ येते, त्यात कालचं धीट पिल्लू आज बादलीला घाबरते. शिवाय जंत, ताप, नुकतीच टोचलेली लस यानंही पिल्लू मलूल दिसते. म्हणून दोन-चार दिवसांनी वेगळ्या वेळी परत जा, या वेळी घरातल्या लेकरांनाही घेऊन. आणि टेस्टला भविष्य समजू नका, व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2014 मध्ये बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात दीड महिन्याच्या वयातल्या चाचण्यांचा मोठेपणीच्या स्वभावाशी फार कमी मेळ बसला. म्हणूनच मी आईला, वाढलेल्या जागेला आणि सावरण्याला जास्त वजन देतो.

एवढं बघूनही थोडं बुजरं पिल्लूच मनात भरलं असेल तर घर कसं आहे ते बघा. दोघंच राहता, घर शांत आहे, कोणीतरी दिवसभर घरी असते, तर जमते. लहान पोट्टे, सतत पाहुणे, खाली दुकान, असं असेल तर राहू द्या, त्या पिल्लाचेच हाल होतात.

पैसे देताना कागदावर लिहून घ्या की तीन दिवसांत डॉक्टरकडे तपासणी होईल आणि काही निघालं तर पिल्लू परत घेऊन पैसे मिळतील. तोंडी टोकन देऊ नका. तपासणीला सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेता येते, जाताना लसीचं कार्ड सोबत घ्या आणि डॉक्टरला पिल्लू टेबलवर कसं वागते तेही बघायला सांगा. लसीचे डोस पूर्ण व्हायचे असतील तोवर जमिनीवर सोडू नका, पार्वो या जीवघेण्या आजाराचा धोका असतो, पण कडेवर घेऊन फुटाळ्यावर किंवा धरमपेठेच्या रस्त्यावर रोज थोडा वेळ उभं राहा, गाड्या आणि माणसं त्याला लांबून दिसू द्या.