स्वस्त एअर रायफलचा नेम सुधारायचाय? या चुका टाळा

स्प्रिंगची एअर रायफल घेतली, छर्रे कागदभर पसरायला लागले, की बहुतेकजण आधी दुर्बीण घ्यायला धावतात. पैसे इथेच वाया जातात. स्प्रिंग सुटताना रायफलला मागे आणि पुढे असे दोन्हीकडून हिसके बसतात. त्यासाठी न बनवलेली दुर्बीण आतून खिळखिळी होते. दहा मीटरच्या सरावाला नळीच्या टोकावरची माशी आणि मागची साइट पुरते.

आधी दस्त्याचे, म्हणजे रायफलच्या लाकडी भागाचे, स्क्रू बघा. पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड दमट हवेने फुगतं, नंतर आकसतं, त्यात प्रत्येक बाराचा हादरा. स्क्रू सैल होतातच. बरोबर बसणारा पेचकस घ्या आणि हाताला लागेल इतकंच आवळा, जास्त पिळलंत तर लाकूड दबतं. मग स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ सरकलेली दिसली की समजा, नेम तुमच्या हातामुळे नाही, स्क्रूमुळे गेला.

खर्च करायचाच तर छर्‍यांवर करा. दोन-तीन प्रकारचे सपाट डोक्याचे छर्रे आणा, प्रत्येकाचे दहा-दहा बार एकाच पद्धतीने मारा आणि तुमच्या नळीला जे मानवतात तेच ठेवा. डबी पांढऱ्या कागदावर ओता: मागची पातळ कडा चेपलेला छर्रा लगेच ओळखू येतो. तो बाजूला काढा.

पावसात गंज चढेल म्हणून नळीत तेल ओतणं ही फार मोठी चूक. ते सिलिंडरमध्ये उतरतं, दाबाने पेटतं, धूर आणि मोठा आवाज होतो. वेग दरवेळी वेगळा पडतो आणि सील खराब होतं. तेलाचा हात बाहेरून फिरवा, खाऱ्या हवेत आणि घामट हातांनंतर तर नक्कीच.

रायफल आवळून धरू नका. डावा तळवा उघडा ठेवा, रायफल त्यावर रोज त्याच जागी टेकवा. कठड्यावर थेट ठेवलीत तर उसळते. आणि एका बारावरून साइट फिरवू नका. पाच मारा, त्यांचा मध्य पाहा, मग फिरवा.

जड स्प्रिंग बसवून ताकद वाढवून देणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. हिसका वाढतो, नेम बिघडतो. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० जूलपेक्षा जास्त शक्तीच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या नळीच्या एअर रायफलला परवाना लागतो.

निशाण चिऱ्यांच्या कुंपणाला लावू नका, छर्रा उलटून येतो. जुने कपडे ठासून भरलेली पेटी मागे ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा, आणि शिसं हाताळल्यावर जेवायच्या आधी साबणाने हात धुवा.