पदकांवरून पणजोबांची पलटण आणि लढाया कशा शोधाव्यात

दुसऱ्या महायुद्धात हिंदी लष्करात सुमारे २५ लाख जवान होते. सक्तीची भरती नव्हती, सगळे स्वखुशीने आलेले. त्यांतले पुष्कळ आपल्या गावांतले होते. ट्रंकेत गुंडाळून ठेवलेले त्यांचे ‘बिल्ले’ नीट वाचले तर नोकरीचा बराचसा माग लागतो.

आधी एक पथ्य पाळा: पदक ब्रासोने, चिंचेने किंवा राखेने घासू नका. घासल्याने कडेवरची अक्षरे झिजतात आणि मग नाव परत मिळत नाही. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, टॉर्चचा उजेड तिरपा पाडा आणि भिंगातून बघा. अक्षरे अंधुक असतील तर कडेवर पातळ कागद दाबून मऊ पेन्सिल हलकेच फिरवा.

गोल पदकांवर जवानाचे नाव कडेवर असते, ताऱ्याच्या आकाराच्या पदकांवर मागच्या बाजूला. क्रम असा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. चौघांचे नाव ‘गणपत शिंदे’ असू शकते, म्हणून ओळख पटते ती नंबरावरून. स्पेलिंग कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले असते. तुम्ही ते सुधारू नका, आहे तसेच उतरवून घ्या.

१९२२ मध्ये पलटणींचे आकडे बदलले, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. १०३ मराठा म्हणजे पुढची पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. पहिल्या महायुद्धाच्या पदकावर १०३, ११० किंवा ११७ असेल तर मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्याची चौकशी जरूर करा.

दुसऱ्या युद्धाचे पितळी रंगाचे सहा टोकांचे तारे लढाईचा मुलूख सांगतात. आफ्रिका स्टार पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियासाठीही मिळे, इटली स्टार ११ जून १९४३ नंतरचा, बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ पासूनचा. वॉर मेडल मात्र २८ दिवसांच्या नोकरीवर मिळे. ते एकटे असेल तर आघाडीची कथा रचू नका. मागे हिंदुस्थानचा नकाशा असलेले इंडिया सर्व्हिस मेडल देशातल्या तीन वर्षांच्या बिगर-लढाऊ नोकरीचे. वॉर मेडलच्या फितीवर कांस्याचे ओकचे पान दिसले तर थांबा: त्यांचा खलित्यात, म्हणजे सेनापतीच्या अधिकृत अहवालात, नावानिशी उल्लेख झाला होता. फिती बहुधा कोणीतरी बदललेल्या असतात, म्हणून फितीच्या रंगापेक्षा पदकावरच्या मजकुरावर विसंबा.

बटालियनचा आकडा नीट ठरवा, कारण एकाच रेजिमेंटच्या बटालियनांच्या वाटा वेगळ्या होत्या. तिसरी एरिट्रियातल्या केरेनला लढली, मग इटलीत गेली. तिच्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरी १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला कैद झाली. चौथी मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला होती.

मग बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा. त्यात नंबर, हुद्दा, पदकावरचे स्पेलिंग, वडिलांचे नाव, त्या काळचे गाव-तालुका आणि कडेचा फोटो द्या. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचा कागद असेल तर त्याची प्रत जोडा, मूळ कागद पाठवू नका. लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बटालियनच्या युद्धरोजनिश्या आहेत: इटलीच्या डब्ल्यू. ओ. (वॉर ऑफिस, म्हणजे ब्रिटिश युद्धखाते) १७० मालिकेत, ब्रह्मदेशाच्या १७२ मध्ये. त्यांत साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते, पण त्याची तुकडी कोणत्या दिवशी कोणत्या टेकडीवर होती ते तारखेनिशी सापडते.