रेडिओवर शिवी आली तर काय करायचं (आणि आंडोरला बीप का लावायचा नाही)

मागच्या वर्षी आमच्या कम्युनिटी रेडिओवर अमळनेरकडच्या एका आजीची मुलाखत लागली. आजी सांगत होती, "मना आंडोर पुनामा नोकरीले शे, मनी आंडेर सासरले सुखी शे." ऑन एअर काय गेलं तर "मना टूंऽऽ पुनामा नोकरीले शे". एडिटिंगला बसलेला मुलगा बाहेरून आलेला, त्याला अहिराणी येत नव्हती, त्याला वाटलं आजी काहीतरी घाण बोलली. अहो, आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी, बस एवढंच. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या प्रोग्राममधे एका पाहुण्याने एका जातीचं नाव असलेली म्हण वापरली, ती मात्र जशीच्या तशी गेली, कारण त्यात कुणाला "शिवी" दिसलीच नाही. मला दोन दिवस धड झोप लागली नाही.

तेव्हापासून रेडिओवर नवीन येणाऱ्या पोरापोरींना मी जे सांगते ते इथे लिहून ठेवतेय.

आधी मूळ प्रश्न, की रेडिओवर शिव्या चालू द्यायच्या का. माझं उत्तर सरळ आहे, नाही द्यायच्या. आपल्याकडे रेडिओ एकटा माणूस ऐकत नाही, किराणा दुकानात लागलेला असतो, पिकअपमधे लागलेला असतो, कापूस वेचणाऱ्या बायांमधे एकीच्या मोबाईलवर लागलेला असतो आणि बाजूला तिचं पोरगं खेळत असतं. पुढच्या सेकंदाला काय येणार हे त्यातल्या कुणालाच माहीत नसतं. अमेरिकेतला प्रसिद्ध खटलाही ह्याच गोष्टीवर उभा राहिला. १९७३ मधे न्यूयॉर्कच्या एका स्टेशनने भर दुपारी एका विनोदी कलाकाराचा शिव्यांवरचा कार्यक्रम लावला, गाडीतून मुलासोबत जाणाऱ्या एका बापाने तक्रार केली, आणि १९७८ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की सरकार ह्याला आवर घालू शकतं. त्यातून पुढे तिथे रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळेत असं बोलायला सूट मिळाली. आपल्याकडे अशी रात्रीची खिडकी नाही, त्यामुळे "रात्री अकराला कोण ऐकतंय" हे कारण चालत नाही.

आपल्याकडे आकाशवाणीची संहिता आहे, त्यात अश्लील किंवा बदनामी करणारं, धर्म-समाजावर हल्ला करणारं, हिंसा भडकवणारं काही जाऊ नये असं लिहिलंय. खाजगी एफएमला परवानगी देताना तीच संहिता करारात घातलेली असते आणि कम्युनिटी रेडिओलाही तीच लागू. २००६ च्या कम्युनिटी रेडिओ धोरणात तर पहिल्या चुकीला एक महिन्यापर्यंत स्टेशन बंद, दुसऱ्याला तीन महिन्यांपर्यंत, आणि त्यानंतर परवानगीच रद्द असं होतं. ज्या स्टेशनचा ट्रान्समीटरच १०० वॉटचा आहे आणि जे गावातल्याच लोकांच्या मेहनतीवर चालतं त्याला महिनाभर बंद राहणं म्हणजे काय हे मला वेगळं सांगायला नको.

आता शिवी ओळखायची कशी. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

कानाला कसं वाटतं ह्यावर जाऊ नका, शब्द कुणाला लागतोय ते बघा. आयबहिणीवरून, बाईच्या चारित्र्यावरून, जातीवरून, धर्मावरून, कुणाच्या अपंगपणावरून, हे कधीच नाही, हसत बोललं तरी नाही. जातीवरून बोललेलं तर १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली थेट गुन्हा होऊ शकतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ऐकणाऱ्या माणसाला ते आपल्याच गावच्या रेडिओवरून ऐकावं लागतं. म्हणून म्हणी नीट तपासा. आपल्या जुन्या म्हणींमधे किती जातींची नावं टोमण्यासाठी वापरलीत ते एकदा वही घेऊन लिहून काढा, मी काढलं होतं, पान भरलं. ह्याउलट रागाचे, वैतागाचे, खेड्यातले रांगडे शब्द, मुडदा, मढं, मरीजा, हे आमच्याकडे आई पोराला जेवायला हाक मारतानाही म्हणते. त्यावर बीप लावला तर तुम्ही बोलीवरच बीप लावताय. कम्युनिटी रेडिओच्या धोरणातच लिहिलंय की कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत, मग बोलीला घाण समजून कसं चालेल?

आणि बोली एक नाहीये. अमळनेर-पारोळा-साक्रीकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी-भिली. त्यामुळे नियम असा करा की ज्याला ती बोली येत नाही त्याने त्या रेकॉर्डिंगमधला एकही शब्द एकट्याने कापायचा नाही. शंका आली की त्या बोलीच्या माणसाला फोन करून ऐकवायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

लाइव्ह फोन-इनला खरी कसोटी. कापसाचा भाव, पीकविमा, थ्री फेज लाइट रात्रीची, असे विषय घेतले की फोन करणारा माणूस चिडलेला असणारच. रात्री दोनला विहिरीवर मोटर चालू करायला गेलेला माणूस गोड बोलेल अशी अपेक्षा का करायची. राग येऊ द्या, रागच तर ऐकवायचाय. फक्त कॉल आला की डायरेक्ट ऑन एअर टाकू नका. आधी ऑफ एअर एक मिनिट बोला, नाव, गाव, काय म्हणायचंय, जवळ रेडिओ चालू असेल तर बंद करा. आणि त्याच्याच बोलीत सांगा, "भाऊ, घरघरमा लेकरे ऐकी ऱ्हायनात, जरा सांभाळीसन बोला." माझा अनुभव असा की एवढं सांगितलं की जवळजवळ सगळेच सांभाळतात, कारण त्यांच्याही घरात लेकरं आहेत ना.

स्टेशनला डिले मशीन असेल तर ऑन एअर जाणारा आवाज साधारण सात-आठ सेकंद मागे असतो. शिवी ऐकली की डंप बटन लगेच दाबायचं, मशीन साठवलेले ते सेकंद फेकून देतं आणि हळूहळू परत डिले भरून घेतं. बटन कोण दाबणार हे आधी ठरवा, आणि तो माणूस निवेदक नको, निवेदक बोलण्यात गुंतलेला असतो. मशीन नसेल, आमच्याकडे बरीच वर्षं नव्हतं, तर लाइव्ह कॉलचा हट्ट सोडा. अर्धा तास आधी कॉल रेकॉर्ड करून घ्या, नाहीतर व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज मागवा आणि ऐकूनच लावा. ऐकणाऱ्याला फरक कळतही नाही.

तरी निसटलीच एखादी, तर त्या लाइनचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली, एकदाच साधी माफी, "मंडळी, चुकीचा शब्द गेला, माफ करा", आणि गाणं. शब्द परत उच्चारायचा नाही, हसायचं तर अजिबात नाही, आणि फोनवरच्या माणसाला ऑन एअर झापायचं नाही. गाणं चालू असताना त्याच्याशी बोला. बहुतेकदा तो स्वतःच ओशाळलेला असतो.

एडिटिंगबद्दल. बीप हा शेवटचा पर्याय ठेवा, कारण बीप आला की घरातलं पोरगं लगेच विचारतं, काय बोलला तो? शक्य तिथे शब्द कापूनच टाका. समजा एक शेतकरी म्हणतोय, "पंचनामा होऊन दोन महिने झाले, अजून एक रुपया नाही, ह्या (इथे शिवी) लोकांनी आमचं वाटोळं केलं." शिवीच्या आधी त्याने घेतलेला श्वास ऐकू येतो, तो श्वास ठेवायचा आणि श्वासानंतर थेट "लोकांनी" जोडायचं. श्वासासकट कापलं तर वाक्य तुटल्यासारखं होतं आणि माणूस खोटा वाटायला लागतो. राग पूर्ण राहिला पाहिजे. आणि कापल्यावर अर्थ बदलला नाही ना हे त्यालाच फोन लावून ऐकवा.

बीप लावावाच लागला तर ऑडॅसिटी ह्या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमधे शब्द सिलेक्ट करून जनरेट मेनूतून टोन घ्या. तिथे आधीपासून ४४० हर्ट्झ आणि ०.८ अॅम्प्लिट्यूड असतं, ते १००० हर्ट्झ आणि ०.१ च्या आसपास करा, नाहीतर इयरफोन लावलेल्याच्या कानात खिळा ठोकल्यासारखं होतं. आयबहिणीची शिवी असेल तर अख्खी झाका, पहिलं अक्षर सोडलं तर सगळ्यांना कळतंच. नुसती शांतता ठेवू नका, लोकांना वाटतं रेंज गेली.

गाण्यांचं वेगळं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी, हळदीची गाणी, विहिणीला चिडवणारी गाणी, ह्यात सासूची, नवऱ्याची उणीदुणी असतात आणि कधी कधी तोंडावर हात ठेवावा असे शब्दही. जात्यावरच्या ओव्यांमधे "रांड" येतं ते विधवेसाठी, गाणारी स्वतः विधवा असते आणि स्वतःचंच दुःख सांगत असते. तिथे कात्री लावली तर तिचं दुःखच कापलं जातं. मी काय करते, ओवीच्या आधी दोन वाक्यं बोलते, हे कुणी, कधी, कशासाठी गायलं, आणि सकाळच्या शाळेच्या वेळेऐवजी दुपारी लावते जेव्हा बाया कामातून जरा टेकलेल्या असतात. चिडवणाऱ्या गाण्यातलं एखादं कडवं अगदीच उघडं असेल तर गाणाऱ्या बाईलाच विचारते. एकदा तर एका मावशीने जागेवर दुसरं कडवं रचून दिलं, पहिल्यापेक्षा सुंदर.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे पण चुकवू नका. काय कापलं, का कापलं, कुणाला विचारलं, हे तारखेसकट रजिस्टरमधे लिहा. प्रसारित केलेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा नियमच आहे, पण मी म्हणते न कापलेली मूळ फाइलही वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, तीन महिन्यांनंतरही. त्या आजीची मूळ फाइल होती म्हणूनच आम्हाला तो भाग पुढच्या रविवारी बीप काढून परत लावता आला. लावण्याआधी मी तिला फोन करून माफी मागितली आणि बीप का लागला ते सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मना आंडोरनं नाव लिधं, त्यामा काय चुकनं माय?"