झिरोच्या शेतबांधावर पाय ठेवण्याआधी

अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात फोटोच्या नादात पाहुणे थेट भातखाचराच्या बांधावर चढतात आणि तिथल्या आपातानी जमातीच्या शेतकऱ्याचं नुकसान होतं. तिथला बांध म्हणजे नुसती पायवाट नव्हे. त्यावर नाचणी लावलेली असते, आणि खालच्या पाण्यात भाताबरोबर मासे वाढत असतात.

१. इनर लाइन परमिट, म्हणजे अरुणाचलात शिरायला लागणारा सरकारी परवाना, घरून निघण्याआधीच ऑनलाइन काढा.
२. होमस्टेच्या यजमानांना पहिल्याच संध्याकाळी विचारा, "कोणत्या वाटेने फिरू?" शक्यतो त्यांच्याच घरचं कुणी सोबत घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा. या एका प्रश्नाने पुढचे बरेच गैरसमज टळतात.
३. बांधावर जावंच लागलं तर एकामागे एक चाला. खाचरात उतरू नका, पाण्याची तोंडं हलवू नका.
४. नाकात चकत्या आणि चेहऱ्यावर गोंदण असलेल्या आजी दिसल्या की कॅमेरा पिशवीतच राहू द्या. आधी नमस्कार, गप्पा, मग परवानगी. मान हलली नाही तर विषय सोडा.

घरासमोर विधीसाठी उभारलेल्या बांबूच्या रचनेला मात्र हात लावू नका, कुणी दिसत नसलं तरीही.