गुलमर्गला स्कीइंगला निघण्याआधी

मुलांना घेऊन गुलमर्गला स्की शिकायला जायचं ठरवलंत, तर तारखा आधी बर्फाला विचारून ठरवा, मग शाळेच्या सुट्टीला. नाताळात पुरेसा बर्फ असेलच असं नाही. 2024 च्या जानेवारीत तर महिना संपत आला तरी उतार कोरडेच होते. शाळेतून चार दिवस सुट्टी मिळत असेल तर फेब्रुवारी गाठा. आयत्या वेळी रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या आणि खोली कशी तापवतात, वीज गेली तर जनरेटर रात्रभर चालतो का, हे फोनवरच विचारून ठेवा.

फोनवरून आठवलं, आपलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. घरातल्या निदान एकाचं तरी पोस्टपेड हवं.

कपड्यांवर फार पैसे घालू नका. थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कापडाचं जाकीट) आणि वरून पाणी न शिरणारं जाकीट-पँट, एवढं पुरतं. जीन्स घरीच ठेवा, ती भिजली की वाळत नाही. मुलांचे हातमोजे मात्र दोन-दोन जोड घ्या. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून परतणारं ऊन चेहरा भाजून काढतं.

स्की आणि बूट तिथेच भाड्याने मिळतात, पण बूट घेताना अजिबात घाई करू नका. मुलांचा पहिला दिवस बुटांवरच ठरतो. लोकरीचा एकच लांब मोजा घालायचा. दोन घातले तर घड्या पडून पाय दुखतो आणि उलट गार पडतो. थर्मलचा पायचाही बुटात कोंबायचा नाही. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत आणि टाच जागची हलू नये. ती हलत असेल तर लहान माप मागा, दुकानदार कितीही ‘चलेगा’ म्हणाला तरी. नवशिक्याला स्की हनुवटीपर्यंत उंच पुरे.

निघण्याआधी महिनाभर सगळ्यांनी जिने चढा-उतरा, बैठका काढा. पुणेकरांना पर्वती आहेच. पहिले दिवस बाजाराजवळच्या सौम्य उतारांवरच काढा आणि प्रशिक्षक पूर्ण दिवसासाठी ठरवा. गोंडोलाची, म्हणजे तिथल्या केबल कारची, तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. तिचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळपास 3,950 मीटरपर्यंत नेतो. तिथले उतार नवशिक्यांसाठी नाहीत. आजी-आजोबांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन बॅगेत गोठू शकतं, ते अंगावरच्या आतल्या खिशात ठेवा.

बर्फ पडत असला की गुलमर्गच्या खालच्या टंगमर्गला गाडी बदलावी लागते; वर चाकांना साखळ्या लावलेल्याच गाड्या जातात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम श्रीनगरलाच करा.