पोरांना ‘इनसाइड आउट 2’ दाखवताय? मग हे वाचा
रायली नावाच्या मुलीच्या डोक्यात बसून बटणं दाबणाऱ्या भावनांचा हा अ‍ॅनिमेशन पिक्चर 2024 ला थिएटरात बघितला तेव्हा पोरं खदाखदा हसत होती आणि आमच्या रांगेतले आईबाप गुपचूप डोळे पुसत होते, म्हणून सांगते, घरी दाखवताना आधी पहिला भाग दाखवाच, त्याने भावनांची ही सगळी मंडळी ओळखीची होतात. लहान पोराला शेजारी घेऊन बसा. शेवटाकडे 13 वर्षांची रायली आईस हॉकी खेळताना पेनल्टी बॉक्समध्ये (चूक केली की खेळाडूला बाहेर बसवतात तिथे) बसते, छाती धडधडते, श्वास पुरत नाही, आणि तिच्या डोक्यात ती नारिंगी अँझायटी, म्हणजे चिंता, वादळासारखी गरगर फिरतेय पण त्या वादळाच्या आत स्वतः जागची हलत नाही, डोळ्यात पाणी... माझ्या भाचीने इथे माझा हात घट्ट धरला होता. तेव्हा पॉज करू नका, ‘अगं पिक्चर आहे’ असंही म्हणू नका, नुसता हात धरा.

नंतर ‘आवडला का’ विचारलं की फक्त ‘हो’ येतं. त्यापेक्षा जेवताना सहज विचारा, तुझ्या डोक्यात आज कोण बटणं दाबत होतं? भाची म्हणाली, ‘गॅदरिंगच्या दिवशी नारिंगीवाली.’ मग अर्धा तास बोलत होती.

आणि क्रेडिट्सनंतर एक सीन आहे, लगेच टीव्ही बंद करू नका!