कोकण किनाऱ्याने गाडी घेऊन निघताय? या चुका टाळा

मोबाईलवर अंतर बघून दिवस आखणं, ही पहिली चूक. रेवसपासून रेड्डीपर्यंत जाणारा सागरी मार्ग वाड्यांमधून आणि चढउतारांवरून वळणं घेत जातो, मध्ये खाड्या आडव्या येतात. पन्नास किलोमीटरला दोन तास धरा. सोबत गावचा मित्र असेल तर वेळापत्रक त्यालाच ठरवू द्या. किनाऱ्यावरचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो आणि ते गणित त्याला लहानपणापासून येतं.

दाभोळ–धोपावे किंवा वेसवी–बागमांडले इथे गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत चढवून खाडी ओलांडायची असते. दाभोळची शेवटची फेरी चुकली की वाशिष्ठीला वळसा घालत चिपळूणमार्गे रात्रीचा प्रवास नशिबी येतो. फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. सुट्ट्यांत रांग लागते, तेव्हा तासभर आधी पोचलेलं बरं.

मॅपने सुचवलेला ‘जवळचा रस्ता’ पुढे पाखाडी निघू शकतो, म्हणजे जांभ्या दगडाची पायवाट, मध्ये पायऱ्या. तिथे गाडी वळवायलाही जागा नसते. मित्र ‘इथून नको’ म्हणाला, तर नको.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत गाडी उतरवणं. कर्दे, मुरुड, गुहागर, कुठेही ओहोटीला वाळू सपाट आणि टणक दिसते. वरचा थर फुटला की चाक खाली जातं, आणि घाबरून ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पोटावर बसते. शिवाय हिवाळ्यात वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं भरतीच्या रेषेच्या वर वाळूत अंडी घालतात. वरून बघणाऱ्याला घरटं कळतही नाही. चाकाच्या खोल चाकोरीत अडकलेलं पिल्लू पाण्यापर्यंत पोचू शकत नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: गाडी रस्त्यावर ठेवा आणि चालत जा.

तरीही कुणाची गाडी फसलीच, तर आधी पाण्याची वेळ काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा बरंच वर चढतं. वेळ हातात असेल तर सगळ्यांना खाली उतरवा, टायरची हवा निम्म्याच्या आसपास आणा, चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू हातांनी उपसा. चाकांखाली झावळ्या, फळ्या किंवा गाडीतली पायपुसणी घाला. मग हलक्या पायाने, स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी काढा. पहिल्या एक-दोन प्रयत्नांत निघाली नाही तर थांबा आणि मित्राला ट्रॅक्टर आणायला पाठवा. दोर बंपरला नको, टोइंगच्या हुकालाच बांधायचा, आणि ओढताना दोराच्या आसपास कुणी उभं राहायचं नाही. पाणी चाकांना लागायला लागलं असेल तर सामान आणि माणसं वर आणा, गाडीचं नंतर बघू. ट्रॅक्टरवाला मित्राचा चुलतभाऊ असला तरी डिझेलचे आणि मेहनतीचे पैसे न विसरता द्या.

पोहण्याबाबतही तेच. ‘इथे पाण्याला ओढ आहे’ असं गावकरी सांगतात तिथे गुडघ्यापलीकडे जाऊ नका.

मित्राच्या घरी पाच-सहा जण न कळवता ऐन जेवणाच्या वेळी पोचू नका. काकू काही बोलणार नाहीत, पण पुन्हा चूल पेटवतील आणि स्वतः मागाहून काहीतरी खाऊन घेतील. आदल्या रात्री फोन करा, हर्णैवरून जात असाल तर बंदरावरच्या लिलावातून मासळी घेऊन जा. मात्र 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. कुळथाची पिठी आणि सुक्या बोंबलाची चटणी मागा.

परतल्यावर गाडी फक्त वरून पुसू नका. चाकांच्या आतली बाजू, ब्रेक आणि खालचा सांगाडा गोड्या पाण्याने भरपूर धुवा. वाळूतून गेली असेल तर त्याच दिवशी, मुक्कामीच.